तिथे नसलेल्याचे डोळे

घरी एक खेळ करून पाहा. ओठ मिटून गणपतीची आरती मनात सुरू करा आणि तिचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवा. समोर बसलेल्याला विचारा, ‘कुठलं गाणं?’ तुमच्या डोक्यात झांजा, टाळ्या, शेजारच्या काकांचा भलताच वर लागलेला सूर असं सगळं दणाणत असतं. समोरच्याला मात्र ऐकू येतं ते टक, टक-टक, टक. तो दोन क्षण विचार करतो आणि म्हणतो, ‘शिवणयंत्र?’

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी हाच खेळ शिस्तीत मांडला. काही जणांनी ओळखीची गाणी वाजवायची, बाकीच्यांनी ओळखायची. एकूण १२० गाणी वाजली. ओळखणाऱ्याला गाणं कळेल का, असं वाजवणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज होता, निम्मी तरी कळतील. कळली १२० पैकी ३. वाजवणारे हैराण झाले, कारण त्यांना गाणं स्पष्ट ऐकू येत होतं. डोक्यात वाजणारं गाणं बंद करून आपलीच टकटक ऐकणं त्यांना जमत नव्हतं.

आमच्या पक्षीवेड्या मंडळींच्या रविवारच्या बैठकीत मला हा प्रयोग हमखास आठवतो. कुणीतरी पेनड्राइव्ह टीव्हीला लावतं आणि भिगवणचा फोटो उघडतं. फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय काय असतं? पहाटे साडेतीनला निघालेली गाडी, उजनीच्या पाण्यावरची बोचरी थंडी, नावाड्याने वल्हं उचलून ओठांवर ठेवलेलं बोट, आणि मग शंभरेक रोहित पक्षी एकदम उठले तेव्हाचा तो आवाज. आम्हाला दिसतात करड्या पट्ट्यावर काही गुलाबी ठिपके. त्याचं गाणं चालू आहे आणि आमच्यापर्यंत टकटक पोचते आहे.

आणि मग आम्ही म्हणतो, ‘भारी!’

हे ‘भारी’ खोटं नसतं. त्यात माणसाबद्दलची माया असते, पहाटे उठल्याबद्दलचं कौतुक असतं. फक्त त्यात फोटोबद्दल काही नसतं. दुसरीकडे प्रत्येक मंडळात एक तरी असा असतो की जो चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, ‘तुझं अजून बेसिकच कच्चं आहे.’ तेही फोटोबद्दल नसतंच. स्तुती आणि फटकारा ही दोन टोकं वाटतात खरी, पण दोन्हींचा रोख एकाच ठिकाणी असतो: पडद्यावरचं चित्र सोडून खुर्चीत बसलेल्या माणसावर.

अव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये ‘अभिप्राय दिल्याने काम सुधारतं का’ या प्रश्नावरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. तब्बल ६०७ निष्कर्ष त्यांच्या हाताशी होते. सरासरी उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: हो, सुधारतं. पण त्या सरासरीच्या पोटात एक विलक्षण गोष्ट दडली होती. एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम चक्क बिघडलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळलं, की अभिप्रायाची ताकद उतरत जाते. ‘मी कसा आहे?’ हा प्रश्न डोक्यात शिरला की ‘फांदी आडवी आली का?’ या प्रश्नाला जागा उरत नाही.

मग बोलायचं तरी काय? आमच्या मंडळात याचं उत्तर मला एका निवृत्त शिक्षिकेकडून मिळालं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाईंकडे कॅमेरा नाही. भाचा फोटो काढतो म्हणून त्या त्याच्याबरोबर येतात, चहा घेतात आणि शांतपणे पडदा पाहतात. एकदा वेड्या राघूचा माझा फोटो लागला होता. चोचीत माशी, पंख अर्धवट उघडे. मी स्वतःवर खूश. बाई म्हणाल्या, “माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या गोष्टीवर गेली. मग पक्ष्यावर. मग परत तिथेच. ते काय आहे हो?”

ती प्लॅस्टिकची पिशवी होती. काटेरी कुंपणाला अडकलेली, धूसर, पण लख्ख पांढरी. फोटो काढताना ती मला दिसली नव्हती. घरी मोठ्या स्क्रीनवर दोन तास तो फोटो सजवत बसलो होतो, तेव्हाही दिसली नव्हती.

हे कसं शक्य आहे, असं वाटेल. पण आपला डोळा कसा चालतो हे कळलं, की उलट प्रश्न पडतो: आपल्याला काही दिसतं तरी कसं? हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढी जागा. आपल्याला खरोखर तपशीलवार दिसतं ते जवळपास तेवढंच. बाकीचं दृश्य धूसर असतं. तरी ते धूसर वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारून नवी जागा टिपतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अखंड चित्र उभं करतो. उडीच्या मधल्या क्षणांत आपल्याला जवळजवळ काही दिसत नाही. तेही जाणवत नाही. फोटो ‘पाहणं’ म्हणजे नखाएवढा टॉर्च घेऊन अंधाऱ्या खोलीत फिरणं. त्यामुळे टॉर्च कुठे कुठे गेला, याचा हिशेब महत्त्वाचा.

आल्फ्रेड यार्बस या रशियन शास्त्रज्ञाने हा हिशेब अक्षरशः रेखाटून दाखवला. पाहणाऱ्याच्या डोळ्यावर तो एक छोटी टोपी हवेच्या दाबाने चिकटवायचा. तिला इवलासा आरसा. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश नजरेचा माग काढत जायचा. (हे वाचतानाच माझे डोळे चुरचुरतात.) त्याने इल्या रेपिनचं एक चित्र लोकांसमोर ठेवलं. हद्दपारीतून एक माणूस अचानक घरी परतला आहे आणि खोलीतले सगळे थबकून त्याच्याकडे बघताहेत, असं ते चित्र. एकाच माणसाला तेच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. ‘या लोकांची वयं सांग’ म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर घुटमळली. ‘घरची परिस्थिती कशी आहे?’ म्हटल्यावर ती कपड्यांकडे आणि सामानाकडे वळली. चित्र तेच, डोळे तेच. प्रश्न बदलला तशी वाट बदलली. यार्बसचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं आणि त्यातल्या त्या गुंतागुंतीच्या रेघांच्या जाळ्या आजही मानसशास्त्राच्या वर्गांत दाखवल्या जातात.

आता माझी पिशवी का दिसली नाही ते बघा. त्या सकाळी माझ्या डोळ्यांना एकच प्रश्न विचारलेला होता: राघू माशी कधी पकडतो? टॉर्च राघूवर खिळला होता. असा खिळलेला टॉर्च तज्ज्ञांनाही चकवतो. २०१३ मध्ये अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे स्कॅन देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. त्यांतल्या एका स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घुसवलं होतं. गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना तो दिसला नाही. नजरेचा माग काढणारं यंत्र सांगत होतं, की त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती.

म्हणून बाईंचं ते वाक्य मला अजून पुरतं उलगडलेलं नाही असं वाटतं, इतकं त्यात भरलंय. ‘माझी नजर आधी तिथे गेली.’ यात मत नाही, शिक्षा नाही, नियमही नाही. ही एक बातमी आहे आणि ती मला जगात कुठूनही मिळाली नसती. कारण मी तिथे होतो. राघू, माशी आणि सकाळ माझ्या डोक्यात आधीच बसलेली. बाई तिथे नव्हत्या, हीच त्यांची पात्रता. तेव्हापासून आमच्याकडे प्रथाच पडली: फोटो लागला की पहिलं मिनिट कुणी बोलायचं नाही, मग प्रत्येकाने आपली नजर कुठून कुठे गेली तेवढंच सांगायचं. सहा जणांपैकी पाच जण एकाच चमकत्या पानावर अडखळले, तर त्या पानाचं काय करायचं हे फोटो काढणाऱ्याला सांगावं लागत नाही.

याच्या बरोबर उलट, सर्वांत आळशी अभिप्राय म्हणजे ‘पक्षी मधोमध आलाय, रूल ऑफ थर्ड्स पाळ.’ चौकटीचे तीन भाग पाडून विषय मधोमध न ठेवता त्या भागांच्या रेघेवर ठेवायला सांगणारा हा नियम जणू कॅमेऱ्याबरोबर खोक्यातून येतो अशा थाटात सांगतात. त्याला हे नाव दिलं जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ मध्ये. फोटोग्राफी तेव्हा जन्मायची होती आणि स्मिथ बोलत होता खेड्यातल्या देखाव्यांच्या चित्रांबद्दल. नियम वाईट नाही. पण समोर डोळ्याला डोळा भिडवून बसलेलं पिंगळ्याचं गोल तोंड असेल, तर ते मधोमध नको तर कुठे हवं?

नजरेचा हिशेब झाला की दुसरा भाग येतो. हौशी माणसाला खरी चटक लावणारा भाग हाच, कारण यात थोडी गुप्तहेरगिरी आहे.

फोटो मऊ आलाय. आमच्या भाषेत ‘शार्प नाही’. एवढं सांगणं म्हणजे डॉक्टरने ‘तुम्हाला बरं नाहीये’ असं सांगण्यासारखं. ते पेशंटला माहीत असतंच. का शार्प नाही, हे फोटोतच लिहिलेलं असतं. वाचता आलं पाहिजे. आधी पक्ष्याच्या पायाखालची फांदी बघा. फांदी चिरल्यासारखी स्पष्ट आणि पंख मात्र पुसट, तर हात स्थिर होता, शटर स्पीड कमी पडला. फांदी, पान, पक्षी सगळंच पुसट आणि प्रत्येक चमकता बिंदू एकाच दिशेला ओढल्यासारखा, तर हात हलला. पक्षी पुसट, पण त्याच्या पुढची गवताची काडी कशी लख्ख, तर कॅमेऱ्याने फोकस काडीवर टाकला. पक्षी त्याला दिसलाच नाही. आणि कुठलीच गोष्ट धड नाही, दिशाही नाही, सगळं जणू पातळ पाण्याखाली ठेवलंय, तर दोष ना हाताचा ना लेन्सचा. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे गरम-थंड थर हलतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. डांबरी रस्त्यावर दिसणारी झळ ती हीच. लाखभर रुपये जास्त टाकून आणलेली लेन्स ही झळ तेवढ्याच निष्ठेने टिपते. अशा फोटोवरचा अभिप्राय एका वाक्यात होतो: “सकाळी सातला जा, किंवा जवळ जा.”

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने सहा महिने स्वतःच्या हाताला दोष दिला. श्वास रोखून बघितला, नवा ट्रायपॉड घेतला. शेवटी कुणीतरी त्याच्या फोटोतल्या काडीकडे बोट दाखवलं. सहा महिने आणि एक ट्रायपॉड, इतकी त्या बोटाची किंमत.

शार्पनेसच्या तक्रारीत आणखी एक अद्भुत गोष्ट लपलेली आहे. ‘डोळा शार्प आहे, पण शेपटी गेली’ असं सर्रास म्हटलं जातं. जरा गणित करून बघू. ६०० मिलिमीटरची लेन्स, अपर्चर ४, फुल फ्रेम कॅमेरा आणि पक्षी दहा मीटरवर. स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी भरते साधारण सहा सेंटीमीटर. पक्षी सरकत पाच मीटरवर आला तर ती उरते जेमतेम दीड सेंटीमीटर. चिमणीच्या चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत जवळपास तेवढंच अंतर असतं. म्हणजे अख्ख्या माळरानातून स्पष्टतेची एक पातळ काच उभी केली आहे आणि जिवंत, फुदकणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यातून ती नेमकी आरपार न्यायची आहे. मॅक्रोवाल्यांचं तर आणखी कठीण. चतुर कॅमेऱ्यात त्याच्या खऱ्या आकाराएवढा उतरवायचा असेल, तर अपर्चर ८ लावूनही ती काच एक मिलिमीटरची. म्हणून चतुराचे चांगले फोटो बहुधा बाजूने काढलेले असतात. त्याचं काडीसारखं लांब अंग त्या काचेत आडवं मावतं. हे माहीत असलेला माणूस ‘शेपटी गेली’ म्हणत नाही. तो म्हणतो, “अर्धं पाऊल डावीकडे सरकता आलं असतं का?” दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे. दुसऱ्यातून पुढच्या रविवारी करून बघता येईल असं काहीतरी हातात पडतं.

उजेडाचंही असंच. बगळ्याचा फोटो मळकट आणि कोतवालाचा फोटो फिकट, अशी जोडी नवशिक्याकडे हमखास सापडते. त्याला वाटतं आपलं चुकलं. खरं तर कॅमेरा एका समजुतीवर चालतो: समोरचं जग सरासरीने मध्यम करडं असतं. पांढऱ्या बगळ्याने फ्रेम भरली की तो म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. काळाकुळीत कोतवाल दिसला की म्हणतो, अंधार आहे, वाढवा. दोघांनाही तो करड्याच्या दिशेने ओढतो. कोतवाल कोतवाल राहिला पाहिजे हे कॅमेऱ्याला आपण सांगायचं असतं. हे एकदा कुणी समजावलं की मीटरच्या काट्याशी चाललेलं भांडण संपतं. (मला हे कळायला दोन पावसाळे लागले. ज्याने सांगितलं तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता आणि त्याने मला ‘काका’ म्हणून अगदी हळुवार सांगितलं, तेच जास्त लागलं.)

रंगांवर मात्र मी हल्ली जपून बोलतो. ‘रंग जरा जास्तच चढवलेत’ हे वाक्य माझ्याही तोंडात होतं. मग कॅमेऱ्यात रंग कसा तयार होतो ते वाचलं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकच रंग पोचू देणारी चिमुकली गाळणी असते. हिरवी, लाल किंवा निळी. चारांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ चं. हिरवे दुप्पट, कारण माणसाचा डोळा उजेडातले बारकावे हिरव्याच्या आसपास सर्वांत नीट टिपतो. याचा अर्थ असा, की प्रत्येक बिंदूवर तीनपैकी एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन कॅमेरा शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरतो. तुम्ही आजवर काढलेल्या बहुतेक डिजिटल फोटोंतला दोन तृतीयांश रंग हा हुशारीने केलेला अंदाज आहे!

आणि समोर खंड्या असेल तर गंमत आणखी वाढते. त्याच्या पाठीवरच्या निळ्यात निळा रंग नाहीच. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म सच्छिद्र रचनेतून प्रकाश असा विखुरतो, की निळा तेवढा आपल्याकडे परत येतो. ते पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळणार नाही. शिवाय खुद्द पक्ष्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या, आपल्या तीन. खंड्याला खंड्या कसा दिसतो हे आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा ‘खरा रंग’ असा शेरा मारण्याआधी मी आता विचारतो, “उजेड कसा होता? सावलीत होता का?” उत्तर ऐकताना काढणाऱ्यालाच आठवतं, की होय, ढग होते, आणि घरी येऊन आपण ऊन ओतलं.

असं आधी विचारणं ही नुसती सभ्यता आहे असं मी समजत होतो. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने त्याची रीतसर पद्धत बसवली आहे, हे नंतर कळलं. तिच्या पद्धतीत पाहणारे आधी सांगतात त्यांना काय भिडलं. मग कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण ज्यात मत लपलेलं नाही असेच. आणि अगदी शेवटी मत, तेही ‘या गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ अशी परवानगी घेऊन. कलाकार ‘नको’ म्हणू शकतो. आमच्याकडे हे जसंच्या तसं करायला गेलो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हसू फुटलं, कारण ‘मत लपलेलं नाही असा प्रश्न’ कुणालाच जमेना. ‘ही फांदी मुद्दाम ठेवलीय का?’ यात लपलेलं मत खिडकीतून डोकावत होतं. “फांदीबद्दल काय विचार होता?” इथपर्यंत यायला चार रविवार गेले.

अभिप्रायाला सवड देणारी आणखी एक रीत: ब्रिटनमध्ये हौशी छायाचित्रकारांची टपाल-मंडळं असत. फोटोंच्या प्रतींचं एक खोकं सभासदांकडे पोस्टाने फिरायचं. ते दारात आलं की आपल्या जुन्या फोटोवर इतरांनी लिहिलेले शेरे वाचायचे, तो काढून घ्यायचा, नवा ठेवायचा, बाकीच्यांच्या फोटोंवर आपले शेरे लिहायचे आणि खोकं पुढे पाठवायचं. शेरा लिहायला हातात दिवस असायचे आणि वाचायला आठवडे. आपण फोटो उघडल्यापासून ‘भारी’ म्हणेपर्यंत किती वेळ घेतो, ते एकदा घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

निसर्गाच्या फोटोत आणखी एक पदर असतो, जो लग्नाच्या किंवा इमारतीच्या फोटोत नसतो. चौकटीतल्या जिवाचं त्या क्षणी काय चाललं होतं? २००९ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत पहिला आलेला फोटो आठवतो? रात्रीच्या अंधारात लाकडी फाटकावरून झेप घेणारा लांडगा. परीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. शंका काढली ती स्पेनमधल्या इतर छायाचित्रकारांनी. फाटकातून सहज सरकून जाता येत असताना रानातला लांडगा उडी कशाला मारेल? शिवाय हा लांडगा माद्रिदजवळच्या एका प्राणी-उद्यानातल्या लांडग्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. पण आयोजकांनी तज्ज्ञांकडून पडताळणी करून घेतली, तो प्राणी शिकवलेला असण्याची दाट शक्यता आहे असं ठरवलं आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतलं. उजेड, रचना, क्षण, सगळं बिनचूक होतं. ज्यांना लांडगे माहीत होते त्यांना लांडगा खटकला.

हाच पदर माझ्या बाबतीत उलगडला तो दोन उन्हाळ्यांपूर्वी.

नदीचं कोरडं पात्र, एप्रिल महिना. गोट्यांमध्ये कंठेरी चिखल्या. मुठीएवढा पक्षी, डोळ्याभोवती पिवळं कडं, गळ्यात काळा पट्टा. एरवी हा तुरुतुरु पळतो आणि फ्रेममध्ये मावेपर्यंत गायब होतो. त्या सकाळी मात्र तो माझ्यासमोर जमिनीवर पसरला. एक पंख लोळत सोडला, शेपटीचा पंखा केला आणि गोट्यांवरून स्वतःला ओढत चालला. मी पोटावर झोपून बर्स्ट सोडला. घरी येऊन निवडलेला फोटो माझ्या आजवरच्या फोटोंत सर्वांत चांगला होता, अजूनही आहे. पाठीमागून ऊन, पंखाचं एकेक पीस उजळलेलं, डोळ्यात उजेडाचा ठिपका.

रविवारी तो पडद्यावर लागला. पहिलं मिनिट नेहमीप्रमाणे शांतता. मग सहाही जणांनी सांगितलं: आधी डोळा, मग पंख, मग परत डोळा. कुठेही अडखळ नाही. तांत्रिक बाजूला कुणाला बोट ठेवायला जागा सापडेना. मी मनातल्या मनात फ्रेम करून भिंतीवर लावून टाकला होता.

बाई म्हणाल्या, “हा असा का पसरलाय?”

मी म्हणालो, “माहीत नाही. पण काय पोझ दिली ना?”

“कुणाला दिली?”

कुणी काही बोललं नाही. बाईंचा भाचा हळूच म्हणाला, “काका, याच्या आधीचे फोटो आहेत का कार्डात? अगदी पहिला?”

होते. बर्स्ट होता, पंचेचाळीस फोटो होते. मी एकेक मागे जात राहिलो. लोळणारा पंख मिटत गेला, पक्षी उलटा चालत सावरला, उभा राहिला. पहिल्या फोटोत तो नुसता उभा होता, माझ्याकडे बघत. फोटो म्हणून त्यात काहीच नव्हतं, म्हणून मी तो दुसऱ्यांदा पाहिलाही नव्हता. पायांपाशी गोटे. भाच्याने मोठं करायला सांगितलं. मी मोठं केलं. चार गोटे इतरांसारखेच ठिपक्यांचे, वाळूच्या रंगाचे, पण सारख्या आकाराचे. चौघांची निमुळती टोकं आतल्या बाजूला, एकमेकांना टेकलेली.

“किती वेळ होतात तिथे?” बाईंनी विचारलं.

“पाऊण तास,” मी म्हणालो.

“ऊन होतं?”

पडद्यावर गोट्यांच्या सावल्या आखूड, काळ्याभोर पडल्या होत्या. ते सगळ्यांनाच वाचता येत होतं.